माळ्यावर काय न्यायचं

पाणी अंगणात शिरलं तेव्हा घरातल्या दोघी बायका शेगडीवरून भांडत होत्या. बो नदीच्या काठच्या माणसांना पाण्याचं कसलं आलंय कौतुक? दर वर्षी पावसाळा सरता सरता ते येतं, पायरीला लागतं, चिखल टाकून निघून जातं. शेगडीचं भांडण मात्र त्या घरात नवीन होतं. तेप जन्मली त्या दिवसापासूनचं.

तेप म्हणजे जवळा, ती बारीक कोळंबी असते ना, तीच. असलं नाव ठेवलं की भुताखेतांना वाटतं, जाऊ दे, कशाला हात लावा. म्हणून आजीने ठेवलेलं. पोरीचा महिना अजून भरायचा होता. तिची आई मियेन दानांगला एका मोठ्या दुकानात काम करायची आणि बाळंतपणाला सासरी आली होती. नवरा खोइ तिकडेच अडकला होता, घाटात दरड कोसळली म्हणून. तेव्हा घरात मियेन, सासू थोअन आणि ते जवळ्याएवढं पोर, बास.

"मा, दवाखान्यातल्या बाईने तुमच्यासमोर सांगितलंय, बाजेखाली कोळसा नको म्हणून," मियेन म्हणाली.

"तिला काय जातंय सांगायला! तिच्या घरात आहे का बाळंतीण? गारठा एकदा हाडात शिरू दे, मग म्हातारपणी माझी आठवण काढशील."

"आणि धूर?"

"धूर कुठाय, दाखव की! लाकडाचा कोळसा आहे हा. एकदा फुलला की धूर शोधूनही सापडायचा नाही."

खोइला फोन करून झाला होता. त्याने आईला सांगितलं, मा, तुझंच बरोबर आहे. बायकोला सांगितलं, तू म्हणतेस तेच खरं. असले पुरुष दोन्हीकडे गोड राहतात आणि घरात बायका एकमेकींची डोकी खातात. शेवटी दोघींनीच तह केला होता. शेगडी पेटेल, पण दार उघडं असेल तेव्हाच.

त्या सकाळी दार उघडं होतं म्हणूनच पाणी दिसलं. करड्या रंगाचं, भोवरे घालत येणारं पाणी. थोअनने मागच्या पुराची भिंतीवरची रेघ पाहिली, मग अंगण पाहिलं, आणि तिच्या तोंडचं शेगडीपुराण एकदम बंद झालं.

"हे पाणी नेहमीचं नाही गं," ती म्हणाली.

तेवढ्यात शेजारचे रोकाका होडी घेऊन कुंपणावरून आलेच. कुंपण पाण्याखाली गेलं होतं, हे मियेनला तेव्हा कळलं. होडीत दोन म्हातारे, एक डुक्कर आणि तांदळाची पोती.

"चला, बसा!" रोकाका ओरडले. "डुकराला सरकवतो. शाळेच्या वरच्या मजल्यावर सगळे जमलेत."

"महिना न भरलेलं पोर पावसात काढू?" थोअन दारातूनच गरजली. "टाळू अजून भरली नाही तिची. आणि ही ओली बाळंतीण! रो, तुला काही अक्कल?"

"वहिनी, पाणी अक्कल विचारत नाही हो."

मियेनचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलाही होता. खरं सांगायचं तर त्याच वेळी ती निघाली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण तिने वळून बाजेशेजारचे खोके पाहिले आणि विचारलं, "काका, सामान घेऊ का? बाळाचं आहे सगळं."

"अगं बाई, होडी आहे का मालगाडी?"

"मग राहू दे," ती म्हणाली. "माळा आहे आम्हाला."

सासूसून पहिल्यांदाच एकमताच्या झाल्या, आणि त्याही नको तिथे. रोकाकांनी कपाळाला हात लावला, म्हाताऱ्यांना सोडून परत येतो म्हणाले आणि वल्हं मारत गेले.

आता त्या खोक्यांचं सांगायलाच हवं. दानांगला असताना रोज संध्याकाळी मियेन फोनवर बाळाचं सामान विकणाऱ्या बायका बघायची. गोड आवाजात सांगत, चांगली आई असाल तर हे घरात हवंच. आणि बिचारी मियेन! स्वतःची आई लहानपणीच गेलेली, बाळाला काय लागतं हे विचारायला कोणी नाही. भीती वाटली की ती एक वस्तू मागवायची. दुसऱ्या दिवशी नवी भीती वाटायची.

पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा थोअन शिडीवर उभी राहून सामान वर घेत होती. तेपला तिने आधीच माळ्यावर टोपलीत ठेवलं होतं.

"हे काय?"

"बाटल्या वाफवायचं. घ्या ना मा, जड आहे."

"आणि हे?"

"ओले रुमाल गरम ठेवायचं."

"रुमालाला थंडी वाजते? बरं. हे?"

"कॅमेरा आहे. दुसऱ्या खोलीतून बाळ बघायला."

"आपल्याला दुसरी खोली कुठाय?"

मियेनने कॅमेरा तसाच वर सरकवला. पुढचं खोकं लहान होतं. थोअनने ते कानाशी हलवून पाहिलं. "आणि ह्यातून काय निघतं?"

"आवाज. पावसाचा. बाळं झोपतात त्याने."

थोअनने वर पाहिलं. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की तिला ओरडून बोलावं लागत होतं. "पावसाचा आवाज?" ती ओरडली. "विकत आणलास?"

दुसरी कुठली वेळ असती तर दोघी हसल्या असत्या. पण पाणी गुडघ्याला आलं होतं आणि मियेनचं रडू फुटायच्या बेतात होतं. तिने ते खोकं सासूच्या हातून ओढून घेतलं आणि पाण्यात फेकलं. मग तिने उरलेलं सगळं वर चढवलं. पिवळी बदकं छापलेल्या ज्या जाड गाद्या पाळण्याच्या कडेने बांधायच्या असतात, त्याही घेतल्या. पाळणा विजेवरचा होता, तो शिडीवरून जाईना, म्हणून खालीच राहिला. थोअनने आपलं सामान नेलं. तांदूळ, पाण्याचा डबा, मिरी घालून आटवलेल्या मासळीचं मडकं, शेजारून मागून आणलेली जुनी झबली, शेगडी आणि कोळशाचं अर्धं पोतं.

"कोळसा कशाला मा?"

"तुझ्या मशिनींना कशाला?"

झालं. दोघींचंही सामान वर गेलं.

माळा म्हणजे कौलांखालची फळ्यांचं मचाणच म्हणा ना. उभं राहता येत नाही, रांगावं लागतं. दोन टोकांना दोन झरोके. वीज गेली होती. मियेनने ती यंत्रं एका ओळीत मांडली आणि मग बसून त्यांच्याकडे बघत राहिली. एकही दिवा लागत नव्हता. फोनला रेंज नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. पण तो कोणावर काढणार?

वारा सुटला तो झरोक्यांतून थेट आत. पावसाचे फवारे घेऊन. तेपचं दुपटं ओलं झालं, मग आतलं झबलं. मियेनने तिला शेजारच्या घरचं जुनं झबलं चढवलं. डाग पडले म्हणून हेच तिने कपाटाच्या तळाशी दडवलं होतं. धडधाकट पोराचं उतरलेलं अंगावर घातलं की नवं पोर पण तसंच निघतं, असं इकडे मानतात. पोरीने रडून रडून घसा बसवला. तिचे तळवे मियेनने गालाला लावले आणि दचकली. नुसते गार.

"मा, पाय बघा हो हिचे."

थोअनने पाय हातात घेतले. तिचा चेहरा असा उतरला की मियेनला ते पाय पाहून वाटली नव्हती एवढी भीती सासूचा चेहरा पाहून वाटली.

"वारं," थोअन पुटपुटली. "वारं लागतंय हिला. अगं, बंद कर ते झरोके! काहीतरी कोंब तिथे!"

आता इथे कोणी कोणाला दोष द्यावा? शेगडीचं नाव आधी मियेननेच काढलं. "पेटवा मा," ती म्हणाली. "पटकन पेटवा." आणि झरोके बुजवायला तिने आपल्या हाताने त्या बदकांच्या गाद्या कोंबल्या. इतक्या मापात बसल्या की जणू त्यासाठीच शिवलेल्या. कौलांच्या फटींत तिने लंगोट घातले. फोनवरच्या बाईने पाण्याचा थेंब न सोडणारे म्हणून विकले होते ना, तर खरंच सोडला नाही. निदान एवढं तरी ती बाई खरं बोलली होती. सासूने फुंकर घालून कोळसा फुलवला. धूर आला तो थोडासा, मग तोही गेला. लाल निखारे, ऊब, वारा बंद. थोअन तळहात शेकायची आणि तेपच्या पोटावर ठेवायची, पुन्हा शेकायची. पोर हळूहळू गप्प झालं.

"बघ," सासू म्हणाली, "निजली माझी बाय."

मियेनला इतकं बरं वाटलं की ती रडली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने सासूच्या खांद्याला डोकं टेकलं. थोअनने ते झटकलं नाही. खाली पाणी भिंतींवर आपटत होतं, भांडी एकमेकांवर वाजत होती, आणि वर त्या दोघी आणि ते पोर उबेत बसली होती. डोकं थोडं दुखत होतं. आदल्या रात्री झोप नव्हती, दुखणारच.

किती वेळ गेला कोण जाणे. मियेनला जाग आली ती छातीच्या ठणक्याने. दूध दाटून दगड झाले होते. अंगातला सदरा पुढून भिजून गार पडला होता, आणि त्या गारव्यानेच तिचे डोळे उघडले. पाजायची वेळ टळून गेली होती, तरी पोर रडलं कसं नाही?

"तेप," तिने हाक मारली. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

तिने पोरीला उचललं. पोरीची मान मागे कलंडली. महिन्याच्या आतल्या पोराची मान कलंडतेच, पण हात? हात तरी मुठी आवळतात. हे हात नुसते लोंबत होते. तिने तिला छातीला लावलं. दूध आपोआप गळत होतं, पोरीच्या ओठांवरून हनुवटीवर ओघळत होतं, आणि पोर गिळत नव्हती. गाल मात्र लाल, गुलाबी, कधी नव्हे इतके छान.

"मा! मा, उठा!"

थोअन शेगडीच्या बाजूला वाकडी पडली होती. हातातला विस्तव फुलवायचा पंखा निखाऱ्यांच्या कडेला काळा पडत होता.

तेव्हा मियेनला दवाखान्यातली बाई आठवली. धूर दिसत नाही म्हणून फसू नका, ती म्हणाली होती. मियेनने तेव्हा ते सासूला हरवायला लक्षात ठेवलं होतं, स्वतःसाठी नव्हे.

झरोका चार हातांवर होता. चार हात! ती पोरीला पोटाशी धरून रांगली तर हात दुमडले. पुन्हा रांगली. डोळ्यांपुढे काळं आलं, तोंडाला कडू पाणी सुटलं, ती ओकली आणि त्यातूनच पुढे सरकली. गादी ओढली. निघेना. फुगली होती भिजून. कोण मेल्याने इतकी जाड केली ही, आणि कोण मेलीने इतकी घट्ट बसवली! तिने नखं रोवली, नखं मोडली, गादी तसूभर हलली नाही.

मग तिने वर पाहिलं. कौलं. एरवी कौल हाताने उचलतं, पण हातात जीव असेल तर. तिने चाचपलं तर बाटल्या वाफवायचं ते जड यंत्र हाताला लागलं. दोन्ही हातांनी उचलून तिने ते वर मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारताना तिने अशी शिवी घातली की शुद्धीत असती तर सासूने तिला घराबाहेर काढलं असतं. कौल फुटलं. शेजारचं खाली घसरलं. पावसाची धार सरळ तिच्या तोंडावर आली. त्या यंत्राने आपल्या जन्मात एवढं एकच काम केलं.

तिने तेपला त्या भोकातून वर धरलं. उघड्या डोक्याने, भर पावसात. ती न भरलेली टाळू, जिच्यावरून घरात रोज टोपीसाठी भांडण व्हायचं, तिच्यावर पाऊस कोसळत होता.

"रड," ती म्हणाली. "रड गं बाई. रड की! शिव्या दे मला, पण रड!"

पोर रडेना. मियेनने तिच्या पाठीवर चोळलं, तळव्यांना टिचक्या मारल्या, तोंडावर फुंकर घातली. पोर रडेना. खाली शेगडी धगधगत होती आणि तिच्या शेजारी सासू पडली होती. पोरीला खाली ठेवून सासूला ओढावं तर पोर जाईल. पोरीला धरून राहावं तर सासू जाईल. मियेन तिथे अर्धी उभी, अर्धी वाकलेली, आणि तिला काही म्हणजे काही सुचेना. शेवटी पोरीला वर धरूनच तिने पाय मागे लांब केला, टाचेने शेगडी ढकलली आणि शिडीच्या तोंडातून खाली लोटली. टाच भाजली. खालून चर्र आवाज आला आणि वाफेचा लोट वर आला. मग तिने त्याच पायाने सासूच्या कमरेत लाथ घातली.

"मा! उठा! उठा हो!"

लाथ बसल्यावर थोअन विव्हळली. आणि त्याच वेळी मियेनच्या हातांत काहीतरी हललं. आधी एक उचकी आली. मग तेपने तोंड वेंगाडलं, आणि बसलेल्या घशाने, मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात, ती रडली. त्या रडण्यासारखं गोड मियेनने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. थांबलं तर ती पुन्हा टिचकी मारायची. आईचं हृदय वगैरे राहू दे बाजूला, ती त्या पोराला रडवत राहिली.

रोकाकांना छपरातून वर आलेलं पोर लांबून दिसलं. त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने कौलं काढून तिघींना होडीत घेतलं. थोअनला उचलूनच घ्यावं लागलं.

"सामान काही घ्यायचं?" रोकाकांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारलं.

मियेनने नाही म्हणून मान हलवली. पोर अंगावर होतं, आणखी काही आठवेना.

शाळेच्या वरच्या मजल्यावर आरोग्यकेंद्राच्या बाईने तेपच्या नाकाशी प्राणवायूची नळी धरली, मग सासूच्या, मग मियेनच्या. बराच वेळ ती पोरीची छाती ऐकत होती. शेवटी बाई म्हणाली, "पाजा तिला." आणि तेपने तोंड लावलं, ओढलं, गिळलं. पहिला घोट, दुसरा घोट. मियेनच्या छातीत कळ गेली, आणि ती कळ तिला हवी होती.

"पाणी ओसरलं की मोठ्या दवाखान्यात दाखवायचंच," बाई म्हणाली. "पण वाचली. वेळेवर हवा मिळाली."

थोअन भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला गुंडाळलेलं फडकं सुटलेलं, केस ओले. आता तिने बाईला विचारलं, "गाल लाल होतात का हो त्याने?"

"कशाने, कोळशाच्या वायूने? होतात कधी कधी. लोकांना वाटतं, वा, काय रंग आलाय पोराला." बाई पुढच्या माणसाकडे वळली.

थोअन हातांकडे बघत राहिली.

"मा, काय झालं?"

"खोइच्या आधी एक होता," ती म्हणाली. मियेनने हे कधी ऐकलं नव्हतं. खोइनेही कधी सांगितलं नव्हतं. "तोही असाच माळ्यावर. असंच पाणी. माझ्या सासूने शेगडी ठेवली होती, पण रात्रभर फुंकर मीच घातली. पहाटे सगळे म्हणाले, वाऱ्याने नेला. गाल बघ किती सुंदर झालेत, देवाने नेला म्हणाले. मी म्हटलं, नाही, मी झोपले असेन, विस्तव कमी पडला असेल." तिने मान वर केली. "इतकी वर्षं मी वाऱ्याला शिव्या घातल्या गं."

तुम्हाला काय माहीत होतं, असं मियेनला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण ते बोलून काही होणार नव्हतं. दूध पिऊन तेपचं तोंड सुटलं होतं. मियेनने तिला उचललं आणि सासूपुढे केलं.

थोअनने हात मागे घेतले. "नको. माझ्या हातात नको देऊस."

"धरा मा. हात भरून आलेत माझे."

"मियेन, नको म्हणतेय ना!"

मियेनने ऐकलं नाही. तिने पोर सासूच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःचे हात काढून घेतले, म्हणजे थोअनला धरावंच लागलं. तिने धरलं. आधी लांबून, मग पोटाशी. रोकाकांनी भाताचा वाडगा आणून दिला, आणि मियेन तिथेच बाजूला बसून, पोरीकडे वळूनही न बघता, भात खाऊ लागली.